पत्र्याची घरगाडी

अप्पांनी आयुष्यातली बेचाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे पोचे काढण्यात घालवली. पत्रा ठोकून सरळ करायचा, खड्ड्यात लांबीची पुट्टी भरायची, घासायची, पुन्हा घासायची, आणि रंग असा मारायचा की आपली गाडी नेमकी कुठं आपटली होती ते मालकालाही आठवू नये. अप्पांचा हात फिरला की पत्रा लाजून सरळ होतो, असं गॅरेजातली मंडळी म्हणत. वयोमानानं काम सुटल्यावर मात्र त्या हातांना स्वस्थ बसवेना. त्यांनी घरातला चांगला चालता मिक्सर उघडला, साफ केला, पुन्हा जोडला आणि कायमचा बंद पाडला. तेव्हा सुनेनं अक्षरशः हात जोडले.

"अप्पा, घरातलं काही नको. बाहेरून एखादं मोडकं आणा आणि त्याच्या मागं लागा."

अप्पांनी सुनेचा शब्द खाली पडू दिला नाही. जुन्या बाजारातून ते एक पत्र्याचं खेळणं घेऊन आले. कॅम्पर व्हॅन, वीतभर लांबीची. खालचा अर्धा भाग लाल, वरचा सायीच्या रंगाचा, खिडक्यांवर छापलेले चौकटीचे पडदे. छत उचललं की आत दोन गाद्या, एक टेबल आणि बोटाच्या पेराएवढी शेगडी. मागं ओढून सोडली की घर्र करत पळायची. रंगाचे पोपडे निघाले होते, एक चाक नव्हतं, आणि नाक आत गेलं होतं.

अशी खरी गाडी त्यांच्या हाताखालून एकदाच गेली होती, तिशीत असताना. तिचं नाक सरळ करायला त्यांना अकरा दिवस लागले होते. मालक-मालकीण इतके खूश झाले की त्यांनी अप्पांना आणि त्यांच्या बायकोला गाडीत बसवून तळ्यापर्यंत नेलं. बायकोनं त्या गाडीतल्या शेगडीवर चहा केला आणि परत येताना म्हणाली, "घर असं हवं. शेजाऱ्यांचा कंटाळा आला की चावी फिरवायची." तिला जाऊन आता सहा वर्षं झाली होती. बाजारात ते खेळणं हातात घेतल्यावर अप्पांना ते पुन्हा खाली ठेवता आलं नाही, एवढंच.

मुलगा लांबच्या मार्गावर बस चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सून नगरपालिकेत नकाशे काढायची, सकाळी नऊला जायची ती साडेपाचला यायची. त्यामुळं दीड वर्षाची नात दिवसभर अप्पांच्या ताब्यात, किंवा अप्पा तिच्या ताब्यात. एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

मागची गॅलरी काचा लावून बंद केली होती. तिथं अप्पांचं टेबल होतं. ते गाडी घासायला बसले की भिंगरी खाली चटईवर बसायची. पॉलिश पेपर खर्र खर्र चालायचा, लाल भुकटी टेबलावर साचायची आणि अप्पा सवयीनं भुकटीवर फुंकर मारायचे. बेचाळीस वर्षं असंच केलेलं. भिंगरीही फुंकर मारायला शिकली. गाल फुगवून ती चटईवर फू फू करायची आणि अप्पा हसून हसून बेजार व्हायचे. कधी ती फार रडायला लागली तर ते गाडीच तिच्या हातात द्यायचे. मग तासभर घर शांत.

नाक सरळ झालं, चाक तेवढं राहिलं. एका गुरुवारी सुनेला अर्धा दिवस सुट्टी होती. अप्पांनी गाडी रुमालात गुंडाळली आणि जुन्या खेळण्यांच्या दुकानात गेले. दुकानदार अप्पांच्याच वयाचा, हाडाचा शौकीन. गाडी बघून त्यानं आधी कपाळाला हात लावला.

"घासलीत? अहो, मूळ रंग होता हा."

"पोपडे निघत होते."

"निघू द्यायचे. त्या पोपड्यांसकट लोक घेतात." त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि गाडी उजेडात फिरवली. छताच्या एका कोपऱ्याशी तो थांबला. "हे काय आहे? उंदीर आहेत का घरात?"

अप्पांनी वाकून पाहिलं. कोपऱ्यावरचा सायीचा रंग कुरतडलेला होता. शेजारी शेजारी चार बारीक खुणा. वरचे दोन, खालचे दोन. ते दात कोणाचे हे अप्पांनी लगेच ओळखलं.

"नात आहे लहान," ते म्हणाले.

दुकानदारानं भिंग खाली ठेवलं. "तिच्या तोंडात जाते ही?"

"कधीमधी."

"अहो, या जुन्या रंगात शिसं असतं. लालमध्ये तर असतंच असतं. मी हे हातात घेतलं तरी हात धुतो. मुलांच्या पोटात गेलं की..." तो थांबला. "तुम्ही घासलंत कुठं? घरात नाही ना?"

"नाही," अप्पा म्हणाले. "गॅरेजात."

हे त्यांनी का सांगितलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. तोंडातून निघून गेलं. दुकानदारानं सुटकेचा श्वास सोडला. "मग ठीक. पण पोरीला डॉक्टरांना दाखवा. रक्त तपासतात."

घरापर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. अप्पांना तो सरता सरेना. गॅरेजात त्यांच्या वरचा एक म्हातारा रंगारी होता, उतारवयात त्याचे हात लोंबायला लागले होते, मनगटातून वर उचलता येत नसत. सगळे म्हणायचे, रंगानं खाल्लं त्याला. आणि अप्पांसकट सगळे ते ऐकून पुन्हा घासायला बसायचे. तो मोठा माणूस होता. भिंगरीचं सगळं मिळून वजन दहा किलो.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. तीन आठवडे ती नीट जेवत नव्हती. पोट कडक व्हायचं, चार चार दिवस साफ व्हायचं नाही. उगाच किरकिरायची. सून म्हणाली होती, दाढा येत असतील. दहाबारा शब्द बोलायची, पण गेल्या महिन्यात नवा शब्द एकही नाही. आणि ती लाल भुकटीत बोट फिरवून तोंडात घालायची. अप्पांनी ते पाहिलं होतं. दोनदा "छी" म्हणाले होते, तिसऱ्यांदा म्हणाले नव्हते.

घरी सून भिंगरीला मांडीवर घेऊन भरवत होती. "मिळालं चाक?"

"नाही."

"चेहरा का असा?"

"ऊन लागलं," अप्पा म्हणाले, आणि गाडी पिशवीत घालून कपाटावर मागं सारून ठेवली.

शुक्रवारी सून कामावर गेल्यावर त्यांनी गॅलरी झाडली. झाडता झाडता कवडशात धूळ उडताना दिसली, तसा त्यांनी झाडू खाली ठेवला. त्यांनी खिडक्या उघडल्या, ओलं फडकं घेतलं, गुडघ्यावर बसून फरशी पुसली. भिंगरी दारात उभी राहून बघत होती. तिनं गाल फुगवले आणि त्यांना मदत म्हणून फरशीवर फुंकर मारली. अप्पांनी तिला इतक्या जोरात उचललं की ती घाबरून रडायला लागली.

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. ती झोपली की ते तिच्या छातीकडं बघत बसायचे. ती उठताना धडपडली की ते धावत जायचे. तिला "चेंडू कुठाय?" असं विचारायचे, तिनं दाखवला नाही तर पुन्हा विचारायचे, पुन्हा पुन्हा, शेवटी ती कंटाळून तोंड फिरवायची आणि त्या तोंड फिरवण्याचाही ते अर्थ लावत बसायचे.

शनिवारी सांगू, असं त्यांनी ठरवलं. शनिवारी सून खुशीत होती, नवऱ्याचा फोन आला होता. रविवारी सांगू म्हणाले. रविवारी तिचं डोकं दुखत होतं. खरं कारण त्यांना पक्कं माहीत होतं. सून त्यांच्यावर भिंगरीला सोपवून जायची, आणि ती नजर एकदा बदलली की पुन्हा पहिल्यासारखी व्हायची नाही. त्या नजरेच्या भीतीपायी ते त्या लेकराचा एकेक दिवस घालवत होते. हेही त्यांना कळत होतं, आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

सोमवारी त्यांनी वेगळीच वाट काढली. सून गेल्यावर भिंगरीला कडेवर घेतलं आणि दोन गल्ल्या सोडून असलेल्या दवाखान्यात गेले. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "आई-वडील?"

"कामावर. मी आजोबा."

"फोन नंबर कोणाचा लिहू?"

"माझा लिहा."

आत डॉक्टरीणबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, की जुन्या रंगाची खेळण्यातली गाडी ही अधूनमधून तोंडात घालते. रक्त काढताना भिंगरीचा हात त्यांनाच धरायला लावला. शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं. ती आधी ओरडली, मग आवाज बंद होऊन नुसतं तोंड उघडं राहिलं, आणि त्या वेळात तिनं अप्पांकडं पाहिलं. ती नजर त्यांना सुनेच्या नजरेपेक्षा जड गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या दुपारी आकडा येईल. येताना आईला घेऊन या."

संध्याकाळी सुनेनं भिंगरीला अंघोळीला घेतलं. अप्पा स्वयंपाकघरात उभे होते. पाण्याचा आवाज थांबला.

"अप्पा."

ते गेले नाहीत. तीच बाहेर आली, टॉवेलात गुंडाळलेली भिंगरी छातीशी धरून. तिनं लेकराचा कोपर पुढं केला. दोन टोचल्याच्या खुणा, भोवती काळंनिळं.

"हे काय आहे?"

तिचा आवाज बारीक झाला होता. अप्पांना दिसलं की ती घाबरलेली आहे, आणि आत्ता, या क्षणी, ती त्यांनाच घाबरलेली आहे. मग मात्र त्यांना राहवलं नाही. त्यांनी सांगितलं. गाडी, रंग, शिसं, छतावरचे दात. दुकानदार काय म्हणाला ते. रक्त दिलंय, उद्या कळेल.

सुनेनं टॉवेल भिंगरीभोवती घट्ट ओढला. मग म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आज सोमवार आहे."

"हो."

"गुरुवारी मी घरी होते, अप्पा. इथं बसले होते."

ती आरडाओरडा करेल याची त्यांनी तयारी केली होती. तिनं तो केला नाही. तिनं फरशीकडं पाहिलं, मग चटईकडं, मग पलंगाकडं, आणि भिंगरीला कुठं खाली ठेवावं तेच तिला कळेना. तशीच ती उभी राहिली, खोलीच्या मध्यभागी, ओल्या केसांच्या लेकराला घेऊन. अप्पा म्हणाले, "मी पुसलंय सगळं." ती म्हणाली, "का पुसलंत? ती गाडी नुसती चाटली होती ना?"

"हो, नुसती चाटली. खबरदारी म्हणून पुसलं," अप्पा म्हणाले.

ती अर्ध्या तासात बॅग भरून बहिणीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा दवाखान्यात पोचले तेव्हा सून आधीच बाकावर बसलेली होती. मांडीवर भिंगरी पेंगत होती. अप्पा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मधल्या जागेत आणखी दोघं सहज मावली असती. आत बोलावलं तेव्हा अप्पा दाराशी थांबले. सून मागं न बघता म्हणाली, "या. तुम्हालाच विचारतील."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं सरकवला. "रक्तातलं शिसं अठ्ठावीस. पाचाच्या आत हवं होतं."

सुनेनं कागद जवळ ओढला. "म्हणजे?"

"म्हणजे भरती करण्याइतकं नाही. पण थोडंथोडकंही नाही. शरीरातून ते हळूहळू जातं. लोहाचं औषध देते, खाणं सांगते. मुख्य म्हणजे जिथून पोटात जात होतं ते बंद झालं पाहिजे. नाही तर औषधाचा उपयोग शून्य." त्यांनी चष्मा काढला. "मला एक कळत नाही. नुसती गाडी अधूनमधून तोंडात घातल्यानं आकडा एवढा चढेल असं वाटत नाही. घरात आणखी काही आहे? जुना रंग खरवडला? भिंत, खिडकी?"

"नाही," सून म्हणाली. "दोन वर्षांत रंगकाम नाही झालं."

"नीट आठवा. कारण ते सापडलं नाही, तर ही मुलगी घरी परत जाईल आणि पुढच्या महिन्यात आकडा चाळीस होईल."

खोलीत पंखा फिरत होता. आता गप्प बसलो तर सगळी चूक त्या गाडीच्या कोपऱ्यावर राहील, चार दातांएवढी. सून कदाचित महिन्याभरात परतही येईल. गॅलरी मी पुन्हा पुसेन, दहादा पुसेन, कोणाला काही कळणार नाही. हे सगळं त्यांच्या मनातून एका दमात गेलं. मग त्यांना दिसलं की सून त्यांच्याकडंच बघतेय. ती काही विचारत नव्हती, नुसती वाट बघत होती.

"मी घासली ती," अप्पा म्हणाले. "घरात. गॅलरीत. महिनाभर. सुकंच घासत होतो, पाणी न लावता." त्यांनी भिंगरीकडं बोट केलं. "भुकटी तोंडानं उडवत होतो. ही खाली बसलेली असायची. बोटानं चाटायची. मी पाहिलंय."

डॉक्टरीणबाई लिहीत राहिल्या. सुनेनं डोळे मिटले.

"दुकानात खोटं बोललो," अप्पा म्हणाले. "काल हिच्याशीही बोललो."

"आज खरं सांगितलंत ते उपयोगाचं आहे," डॉक्टरीणबाई कोरडेपणानं म्हणाल्या. "आता ऐका. झाडायचं नाही. सगळं ओलं पुसायचं, पाणी दर खेपेला बदलायचं. चटई, पडदे, गादी टाकून द्या. तुमचं रक्तही द्या आज. आणि ती गाडी दोन पिशव्यांत बांधून, जुन्या बॅटऱ्या आणि रंगाचे डबे घेतात तिथं नेऊन द्या. विकू नका, कोणाला देऊही नका."

सुनेनं विचारलं, "हिच्या डोक्यावर काही... ती बोलेल ना नीट?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुन्हा लावून कागदाकडं पाहिलं. "आत्ता सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "बरीच मुलं अगदी व्यवस्थित होतात. आपण लक्ष ठेवू."

अप्पांचा स्वतःचा आकडा चौतीस आला. त्यांना तो ऐकून काहीच वाटलं नाही.

मुलगा चार दिवसांनी परतला. बायकोकडून सगळं ऐकून तो घरी आला, तेव्हा अप्पा गॅलरीच्या फरशीवर गुडघे टेकून फटीफटींतून फडकं फिरवत होते. बोटांची सालं निघाली होती. मुलानं बादलीतलं पाणी पाहिलं, ते ओतून दुसरं आणलं, आणि शेजारी बसून पुसायला लागला. दोन तासांत पाणी सहादा बदललं. मग मुलगा म्हणाला, "अप्पा, मला फोन तरी करायचा होता."

"गाडी चालवत असशील म्हणून..."

"थांबवली असती."

अप्पांनी फडकं पिळलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून टेबल मोडलं. घरगाडी अप्पा स्वतःच देऊन आले. पत्र्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला पत्रा टाकून देताना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना फक्त पिशवीची गाठ सुटू नये एवढीच धास्ती होती.

सून तीन आठवड्यांनी परत आली, पण कामावर जाताना भिंगरीला बहिणीकडं सोडून जायची. अप्पांशी बोलायची, जेवायला वाढायची, औषध घेतलंत का विचारायची. फक्त लेकरू त्यांच्या हातात द्यायची नाही. अप्पांनी मागितलंही नाही. महिन्यानं आकडा एकोणीस झाला, तीन महिन्यांनी अकरा. भिंगरी जेवायला लागली, पोट मऊ झालं, पाय पुन्हा भिंगरीसारखे फिरायला लागले. एकदा तिनं "पाऊस" म्हटलं तर घरातले तिघंही जागच्या जागी थांबले. ती तिघांकडं बघून गोंधळली आणि पुन्हा म्हणालीच नाही.

एका सुट्टीच्या दिवशी भर दुपारी ती खेळता खेळता जमिनीवर आडवी झाली आणि डोळे मिटले. अप्पा खुर्चीतून उठले, सून स्वयंपाकघरातून धावली. दोघंही एकाच वेळी तिच्याजवळ पोचले. अप्पांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. सुनेनं तिच्या गालावर चापट मारली. "ए बाळा, ए." भिंगरीनं एक डोळा उघडला, आईचा हात ढकलला, कूस बदलली आणि घोरायला लागली. नुसती झोप लागली होती.

सून तिथंच भिंतीला टेकून बसली. तिनं भिंगरीच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासला. अप्पांनीही वाकून पाहिलं.

"तुम्हाला पण होतं असं?" तिनं विचारलं.

"रोज," अप्पा म्हणाले. "ती शिंकली तरी होतं."

"मला ऑफिसात होतं. रेघ मारता मारता. फोन वाजला की हात गार पडतात." तिनं भिंगरीचे केस मागं सारले. "डॉक्टर म्हणाल्या, शाळेत जाईपर्यंत लक्ष ठेवायचं. म्हणजे अजून तीन वर्षं."

"हो."

"ताईच्या नवऱ्याची बदली होतेय. पुढच्या सोमवारपासून हिला तिच्याकडं ठेवता येणार नाही." तिनं अप्पांकडं पाहिलं. त्या नजरेत पूर्वीचा निर्धास्तपणा नव्हता. तो परत येणार नाही हे अप्पांना दिसत होतं. "मी दर दोन तासांनी फोन करीन. काही झालं, काही म्हणजे काहीही, तर आधी मला सांगायचं. मग बाकीचं."

"आधी तुला," अप्पा म्हणाले.

सोमवारी पावणेनऊला तिनं भिंगरीला त्यांच्या हातात दिलं. दार लोटून ती जिना उतरली, अर्ध्यावर थांबली, क्षणभर तिची पावलं वाजली नाहीत. मग ती खाली गेली. अप्पा लेकराला घेऊन खोलीच्या मध्यभागी उभे होते. भिंगरी खाली उतरायला चुळबुळत होती, पण त्यांचे हात काही सुटेनात.